घरचा नंबर

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ग्रुप झाला! नाव ठेवलं — 'आमचंबी ऐका'. ॲडमिन मी.

धम्मानंदनं सगळं शिकवलं. ग्रुप त्याच्या फोनवरून उघडला, मला ॲडमिन केलं आणि तो बाहेर पडला. (तोंडावर मी 'अहो'च म्हणते. इथं नवऱ्याचं नाव लिहायला काय जातंय.) नंबर गोळा करता करता मात्र सगळी दुपार गेली. बाईला नंबर विचारला की बाई म्हणते, "घरचाच हाय की." घरचा म्हणजे नवऱ्याचा. नवरा नसला तर पोराचा. मी तेच टाकत गेले. 'राजनंदिनी' म्हणून सेव्ह केलं, फोटो मात्र तिच्या नवऱ्याचा, रामचा — गॉगल घालून काळीपिवळी जीपला टेकलेला. असे कितीतरी मिशीवाले जमले. बायकांचा ग्रुप म्हणे!

तरी बरं वाटलं. ग्रामपंचायतीत मेंबर होऊन चार वर्षं झाली. राखीव जागा होती म्हणून झालीस, याची आठवण गाव रोज करून देतं. ग्रामसभेत बायका शाळेच्या व्हरांड्यात मागं बसतात. पुढं माईक संतरामच्या हातात. सरपंच त्याची बायको, निर्मलाबाई — ती सही करते, बाकी सगळं तो. गावाचा मोठा ग्रुप आहे, त्यातही तेच, पुरुषच पुरुष. मग बायकांनी बोलायचं कुठं, हापशावर?

एकच नियम केला. लिहायचं नाही, बोलायचं. माईक दाबायचा आणि मनातलं सांगायचं. दुपारी पुरुष माणसं जेवून आडवी होतात, फोन चार्जिंगला लागतो. तेवढा वेळ आपला.

५ जानेवारी, रविवार

आजवर नुसती गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. त्यातलीही निम्मी पुरुषांनीच ढकललेली असणार.

आज दुपारी पहिला आवाज आला. नर्मदाबाई! रामची आई. तिला फोन धरता येत नाही. सुनेनं, राजनंदिनीनं, माईक दाबून तोंडापुढं धरला असेल. या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तशी ओरडत होती.

"आगं सत्यशीला, मी बोलून राहिले, नर्मदा. ऐकू येऊन राहिलं का? गायरानात माणसं आली व्हती. खुट्या ठोकून गेले. मी इचारलं काहून ठोकून राहिले, तं म्हणे म्हातारे, तू तुझ्या शेळ्या सांभाळ. मंग कुठं सांभाळू? गायरान गेलं तं शेळ्या काय डोक्यावर चारू?"

शिलाई थांबवली आणि पुन्हा पुन्हा ऐकलं. हिच्या नावावर गुंठाभर रान नाही. नवरा गेला तेव्हा राम अंगावर पीत होता. शेळ्यांवर तिनं तो वाढवला, त्याचं लग्न केलं. गायरान गेलं तर तिच्याकडं काहीच उरत नाही.

आणि मोजणी कसली? मेंबर मी, आणि मला पत्ता नाही!

७ जानेवारी, मंगळवार

कळलं. संतरामनं मोठ्या ग्रुपवर टाकलं — गावात सोलर प्रकल्प येणार, शेतीला दिवसा लाईट, सर्वांचे अभिनंदन. जागा गायरानाची. खाली अंगठेच अंगठे.

आमच्या गावात अंगठ्याचं असं आहे — बारसं असलं तरी अंगठा, कोणी मेलं तरी अंगठा. अंगठा म्हणजे फक्त 'बघितलं'. वाचलंच पाहिजे असं काही नाही.

धम्मानंद खूष. "रातच्याला गव्हाला पाणी द्यायला जातो, पायाखाली काय येतं दिसत न्हाई. दिवसा लाईट मिळाली तर वाईट काय?" त्याचं खोटं नाही. चुलत दिराला साप चावला तो असंच पाणी देताना. मी म्हटलं, "लाईट घ्या की. पण गायरानच काहून? तलावाच्या वर सगळा खडक हाय, तिथं कुसळसुद्धा उगवत न्हाई." तो म्हणाला, "तिथवर रस्ता न्हाई म्हणे."

म्हणे कोण? संतराम. आणखी कोण.

९ जानेवारी, गुरुवार

काय बोलल्या आज बायका! मला वाटलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बोलल्या, वरच्या आळीतल्या बोलल्या. एरवी हापशावर एकमेकींच्या घागरीला घागर लागू न देणाऱ्या, इथं एकीचं दुसरी उचलून धरत होती. एकीनं विचारलं, गाईम्हशी कुठं सोडायच्या. दुसरी म्हणाली, सरपण तिथूनच येतं, ते कोण देणार. तिसरीच्या आवाजामागं लेकरू रडत होतं, तरी ती बोलतच राहिली.

खडकाचं मी सुचवायच्या आधीच राजनंदिनी बोलली. "सोलरला आमी न्हाई कुठं म्हणून राहिलो? खडकावर टाका की. रस्ता लागतो तं रस्ता करा." ही राजनंदिनी माझ्यापुढंही मान वर करत नाही!

ठरलं. सोलर पाहिजे, पण खडकावर. २५ तारखेला महिला सभा आहे, तिथं हे मांडायचं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तसाच ठराव घ्यायला लावायचा. चार वर्षांत ग्रामसभेत इतकं सरळ बोलणं मी ऐकलं नव्हतं. आज स्वयंपाक करताना गात होते. धम्मानंद बघत राहिला.

१२ जानेवारी, रविवार

नर्मदाबाईचा आवाज पारावरच्या हॉटेलात वाजला. स्पीकर लावून. 'शेळ्या काय डोक्यावर चारू' आलं की सगळे हसायचे, आणि संतराम पुन्हा पहिल्यापासून लावायचा. राम तिथंच उभा होता. राम संतरामच्याच काळीपिवळीवर ड्रायव्हर आहे, गोरेगाव ते सेनगाव. तोही हसला.

हे सगळं धम्मानंदनं सांगितलं. तो स्वतः हसला का, ते मी विचारलं नाही.

आवाज बाहेर गेला कसा, म्हणून सकाळी डोकं धरून बसले होते. जाणार नाही तर काय! संध्याकाळी फोन ज्याचा त्याच्या खिशात जातो. दुपारचं सगळं तो ऐकतो. तासभर हातात मिळाला म्हणून फोन बाईचा होत नाही. एवढं साधं कळलं नाही मला, मेंबरीणबाईला.

नर्मदाबाईकडं गेले. शेळीच्या पायातला काटा काढत होती. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "वाजू दे की. ग्रामसभेत बोलू देत न्हाईत, हॉटेलात तं बोलले." मी हसले. घरी येऊन रडले.

दुपारी ग्रुपवर एकही आवाज नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. राजनंदिनी तिळगूळ देऊन गेली. जाताना दारातच म्हणाली, "ताई, आता फोन हातात देत न्हाईत." आणि निघून गेली.

१७ जानेवारी, शुक्रवार

संतराम माझ्या घरी! सोबत ग्रामसेवक. वस्तीत पाय ठेवायची त्याची ही दुसरी वेळ. पहिली, मतं मागायला आला तेव्हा.

चहाही घेतला. म्हणाला, "ताई, तुमी लई मोठं काम केलं. बायका बोलायला लागल्या, बराबर हाय, बोललंच पायजे. आता असं करा, महिला सभा ग्रुपवरच घ्या. शाळेत यायची तकलीफ काहून द्यायची बायकांना? ग्रामसेवकांना ॲडमिन करा, ते सगळं नियमात बसवतात."

विचार केला. गेल्या महिला सभेला आम्ही चार-पाचजणी होतो. बाकीच्यांच्या सह्या शिपायानं घरोघरी जाऊन आणल्या. कोणाला सासू सोडत नाही, कोणाला नवरा. शाळेत येता येत नाही ती निदान घरातून तरी बोलेल. आणि सरकारी माणूस ऐकत असला तर फोन द्यायला पुरुषही नाही म्हणणार नाहीत.

केलं ॲडमिन.

धम्मानंद म्हणाला, "बघ, तुझ्या ग्रुपला सरकारी मान मिळाला." त्याला खरंच अभिमान वाटला. मलाही वाटला. कशाला खोटं लिहू?

२३ जानेवारी, गुरुवार

हापशावर सगळ्या भेटल्या. फोन सभेच्या दिवशी दुपारी मिळणार, प्रत्येकीनं घरात तसं कबूल करून घेतलंय. मेंबरचं काम आहे, साहेब ऐकणार आहेत, असं सांगून. नर्मदाबाई भाषण पाठ करून राहिलीय! मला ऐकवलंही. त्यात दोन शिव्या आहेत, त्या काढायला सांगितल्या. एक काढली.

"मोठं बोललं तं फोन तापतो का गं?" म्हणाली.

२५ जानेवारी, शनिवार

जसं झालं तसंच लिहिते.

सभा बाराची होती. बारा वाजता मी फोन घेऊन बसले. बायकाही बसल्या होत्या, दोघीतिघींनी 'आलो' म्हणून आवाज टाकला. तेवढ्यात ग्रामसेवकाचा मेसेज — सरपंचताईंकडे हळदीकुंकू असल्यामुळे सभा साडेचार वाजता होईल.

साडेचारला पुरुष उठलेले असतात. फोन त्यांच्याकडं असतो. आणि बायका हळदीकुंकवाला! वरच्या आळीतली एकूण एक सवाष्ण निर्मलाबाईच्या ओट्यावर असणार. मला हे कळायला चार वाजून गेले. फोन चार्जिंगला तसाच ठेवून मी पळत सुटले. आमच्यात हळदीकुंकू नसतं, मला आमंत्रणही नव्हतं. आत घुसले तशी निर्मलाबाई चमच्यानं अत्तर लावत होती, ती थांबली. मी ओरडले, "सभा सुरू हाय गं, घरी चला, फोन घ्या." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ओटीत वाण, कपाळाला कुंकू. कोणाकडंही फोन नाही. राजनंदिनी पहिली उठली. मग बाकीच्या.

नर्मदाबाई विधवा, तिला तिथं कोण बोलावतं? ती रानात होती, शेळ्यांमागं.

घरी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. ग्रामसेवकानं टाकलेलं — 'सोलर प्रकल्पासाठी गायरान देण्यास सर्व महिलांची संमती असल्यास अंगठा दाखवावा.' खाली अंगठ्यांची रांग. त्याखाली — 'महिला सभा एकमताने संपन्न. सर्व भगिनींचे आभार.' आणि ग्रुप बंद. आता फक्त ॲडमिन बोलू शकतो असं करून ठेवलंय. मला ॲडमिनमधून काढलं.

माझ्याच ग्रुपवर माझा माईक बंद!

अंधार पडायच्या आधी नर्मदाबाई शेळ्या घेऊन आली. दारात उभी राहून म्हणाली, "झाली का सभा? मी काय म्हणलं असतं ते सांगितलं का तू?"

२६ जानेवारी, रविवार

झेंडा झाला, लेकरांना बुंदी वाटली, ग्रामसभा सुरू झाली. संतरामनं वाचलं — महिला सभेची संमती आहेच, आता ग्रामसभेचा ठराव. मी उठले. व्हरांड्यातून पुढं आले. म्हटलं, "ही बायकांची संमती न्हाई. बायका हळदीकुंकवाला होत्या. अंगठे पुरुषांनी दाबले."

कोणीतरी शिट्टी मारली. ग्रामसेवक उठला, अगदी शांत. "ताई, तुमचाबी अंगठा हाय की."

मी म्हटलं, खोटं. त्यानं फोन वर धरला, लोकांकडं फिरवला. सगळी सभा हसली. मी वळून धम्मानंदकडं बघितलं. तो खाली बघत होता, पायानं माती उकरत. तिथंच कळलं मला.

ठराव पास.

२७ जानेवारी, सोमवार

"मी रोजच टाकतो," म्हणाला. "तू मशीनवर असतीस. मेंबर बाईचा अंगठा दिसला पायजे, न्हाईतर लोक म्हणतात ही नावालाच हाय."

मी विचारलं, "रोजचं सोडा. परवाचं तुमी वाचलं व्हतं का?"

त्यानं फोन उचलून पालथा ठेवला. मग म्हणाला, "दिवसा लाईट आली तर तुलाच बरं न्हाई का? तूच जागी बसतीस मी येईपर्यंत."

वाचलं होतं.

मला दारू पिणारा, मारणारा नवरा नाही. फोन घेऊन देणारा, निवडणुकीला उभी करणारा आहे. म्हणूनच जास्त संताप आला. दुसऱ्यांच्या गॉगलवाल्यांना हसत होते मी! माझा तर शेजारी बसून शिकवत होता.

आज जेवले नाही. त्यानंही नाही.

३० जानेवारी, गुरुवार

हापशावर राजनंदिनी आपणहून बोलली. "यांनी दाबला. संतराम मालकानं काळीपिवळीतच सांगितलं व्हतं म्हणे, साडेचारला फोनकडं बघा." मग एकेक सांगायला लागली. कोणाचा नवऱ्यानं, कोणाचा दिरानं, एकीचा तर बारावीतल्या पोरानं, गेम खेळता खेळता.

नर्मदाबाई म्हणाली, "मंग साहेबाला जाऊन सांगू ना, आमी न्हाई दाबला म्हणून. एवढंच तं हाय."

एवढंच तर आहे. अर्ज करायचा ठरलं, सेनगावला, पंचायत समितीत. नाव मात्र कोणाच्या नवऱ्याचं पहिलं घालायचं? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. बरोबर होतं त्यांचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज देऊन आले. पहिलंच वाक्य — माझ्या मोबाईलवरून दिलेली संमती माझे पती धम्मानंद यांनी मला न विचारता दिली.

निघताना त्यानं विचारलं, "माझं नाव घातलंस?" मी म्हटलं, "घातलं." तो म्हणाला, "बराबर हाय." मग बैल सोडायला गेला आणि दिवसभर आला नाही.

पारावर त्याला चिडवतात. बायकोनं नवऱ्याची तक्रार केली, आमच्या गावात हे पहिल्यांदाच. मला वाईट वाटतं. पण अर्ज मागं घ्यावा असं एकदाही वाटलं नाही, हेही खरं.

पंचायत समितीतले साहेब म्हणाले, येऊन प्रत्येक बाईला विचारतो. निम्म्या बायकांनी जरी नाही म्हटलं तरी सभा परत घ्यावी लागेल, शाळेत, सगळ्यांसमोर. गायरान वाचू शकतं!

नर्मदाबाईला सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. शेळीचा वास येत होता हाताला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर लाल दिवे, खाली कसलासा शिक्का. 'दुसऱ्याच्या नावाने मोबाईलवरून संमती देणे हा सायबर गुन्हा आहे. तीन वर्षे सक्तमजुरी. जामीन नाही. पत्नीने तक्रार केल्यास पतीस तात्काळ अटक.'

कोणी लिहिला काय माहीत. संतरामनं फक्त 'काळजी घ्या' म्हणून पुढं ढकललाय.

सकाळपासून दारात बायका. मी पंचायत समितीत फोन लावला, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. साहेबांनीच सांगितलं, असं काही नाही, सभा परत घेऊ, बस. बायकांनी ऐकलं. तरी एकजण म्हणाली, "पर ताई, मेसेजवर शिक्का हाय ना."

मला चार वर्षांत गावानं जेवढं ऐकलं नाही तेवढं त्या लाल दिव्याचं एका सकाळीत ऐकलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपमधून लेफ्ट होऊन राहिल्यात. एक गेली की लगेच दुसरी. राजनंदिनी, म्हणजे रामचा नंबर, आज दुपारी गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राम जेवत नाही, घराबाहेर पडत नाही. राजनंदिनीला सहावा महिना लागलाय. तिचे पाय सुजलेत.

नर्मदाबाई आली होती. खुट्यांच्या जागी आता लोखंडी खांब येऊन पडलेत, शेळ्या त्यांच्यावर चढतात म्हणाली. थोडा वेळ बसली. मग विचारलं, "रामला नेतील का गं?"

"न्हाई मावशी. कोणीच कोणाला नेत न्हाई."

"तू लिवलंस ना नवऱ्याचं नाव. त्याला न्हाई नेलं अजून."

"नेणारच न्हाईत."

"अजून म्हणलं मी," ती म्हणाली.

उठताना गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. मी विचारलं, परवा येणार ना साहेबांपुढं? म्हणाली, येईन की, आल्याबिगर कशी राहीन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब आले. ग्रामपंचायतीत खुर्ची टाकून बसले, बायकांना एकेक करून आत बोलावलं. दार उघडंच होतं. बाहेर सगळे नवरे.

प्रश्न एकच, अंगठा कोणी दाबला? मी सांगितलं, नवऱ्यानं. माझ्यानंतर प्रत्येकीनं सांगितलं, मीच. राजनंदिनीही.

सगळ्यात शेवटी नर्मदाबाई. सासूसुनेचा घरचा नंबर एकच, तरी तिलाही विचारलं. राम दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं.

"मीच दाबला साहेब," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

साहेबांनी विचारलं, "गायरान राजीखुशीनं दिलं?"

ती म्हणाली, "व्हय."